घरच्यासारखी

गुलामगिरीवर मी कादंबऱ्या लिहिते, म्हणून सांता क्लाराच्या मराठी घरांत मला कौतुकानं बोलावत. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या मळ्यांवर एके काळी राबलेल्या गुलाम बाया हा माझा विषय. लोक ऐकत, डोळे पुसत, माझ्यासोबत सेल्फी काढत.

त्या रविवारी दुपारी एका निवृत्त डॉक्टरकाकांच्या घरी वाचन होतं. मालकिणीच्या तावडीतून पळू पाहणाऱ्या मुलीचं प्रकरण मी वाचलं. काकू तर हुंदके देऊन रडल्या. मग त्यांनीच डोळे पुसून आत हाक मारली, "अगं, चहा आण ना! किती वेळ?"

चहा घेऊन आली ती पन्नाशीची, साताऱ्याकडची बाई. मी विचारलं, "मावशी, करमतं का इथे?"

उत्तर काकूंनी दिलं. "न करमायला काय झालं? घरच्यासारखी आहे ती."

कप ठेवायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेले. "गावी कधी जाणार?"

मावशी दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "लेक बाळंत झाली तेव्हापण सोडलं नाही. पासपोर्ट काकूंच्या कपाटात. बाहेर पडलीस तर पोलीस धरतील, म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. "यायचंय माझ्याबरोबर?"

त्यांनी ओले हात पदराला पुसले. "आत्ता?"

"आत्ता."

"चला."

बाहेर येऊन सगळ्यांसमोर मी पासपोर्ट मागितला. "आम्ही तो सेफ ठेवलाय," काकू म्हणाल्या. मागून कुणीतरी कुरकुरलं, "प्रोग्रॅम किती छान झाला होता, यार!" मघाशी रडलेल्यांपैकी एकही जण जागचा हलला नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईसाठी ढसाढसा रडले होते हे सगळे, आणि ही जिवंत समोर उभी होती! मी पोलिसांना फोन लावायला घेतला, तेव्हा काका उठून कपाटाकडे गेले आणि पासपोर्ट घेऊन आले.

मावशी काही महिने माझ्याकडे राहिल्या. एका वकीलबाईंनी त्यांचे कागद मार्गी लावले. आता त्या दूर अर्विंग शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये काम करतात आणि सुट्टीला मनाला येईल तिकडे भटकतात.

मला मात्र बोलावणी बंद झाली. दुसऱ्याच एका काकांनी फोन करून समजावलं, "लिहा ना तुम्ही, लिहायला कोण नको म्हणतंय? पण लोकांच्या स्वयंपाकघरात कशाला शिरता?"

"पुढची कादंबरी तिथलीच आहे, काका," मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दुपारचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.