राबातलं प्लास्टिक

कर्जतहून जीपने कशेळ्याला निघाले तेव्हा मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता. 'प्लास्टिक ओढ्यात टाकू नका, गोळा करा, गाडी येऊन नेईल.' मजकूर माझाच. गेल्या वर्षीही हाच वाटला होता.

कशेळ्याला उतरून पायी निघाले. पुढे डांबर संपलं आणि चढ सुरू झाला. साग पार झडलेले, सावली नावालाही नाही. ओढ्यात फार्महाउसवाल्यांच्या पार्टीच्या ताटल्या अडकल्या होत्या. मजा त्यांनी करायची आणि पत्रक वरच्या वाडीने वाचायचं! रागातच वर पोचले.

वाडीत हिराबाई आणि तिची सून राबावर (भाताची रोपं करायला टहाळ, पाचोळा पसरून भाजतात ती जमीन) पाचोळा घालत होत्या. त्यात वेफरची पाकिटं, दुधाच्या पिशव्या.

"मावशी, प्लास्टिक जाळताय? विषारी धूर होतो."

हिराबाईने मान वर केली. "तूच गोला कराया सांगितलंस ना गं बाय? वरीसभर गोनीत भरलं. उंदरांनी गोन्या फोडल्या. आता काय डोक्यावर घेऊन नाचू?"

"वरातीवानी गाडीची वाट बघितली आमी," सून म्हणाली.

"कशेळ्यात विचारलं नाहीत?"

"इचारलं. डायवर बोलला, डांबर संपला का गाडी संपली."

गाडी वर चढते का, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. पत्रक छापलं आणि मोकळी झाले.

काल भाजलेला एक कोपरा मी हिराबाईला दाखवायला लावला. राख भुसभुशीत हवी. तिथे काळा, चिवट पापुद्रा मातीला चिकटला होता. हिराबाईने कोयत्याने खरवडून पाहिलं. निघेना.

"हितं दाना कसा रुजंल?" ती सुनेला म्हणाली. तिच्याकडे राब एवढाच.

मग तिघी बसलो आणि उरलेल्या पाचोळ्यातून एकेक पाकीट वेचलं. मधे नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी खाल्ली. माझ्या हाताला प्लास्टिकचा आंबट वास येत होता, तरी भूक सपाटून लागली होती. वारा पडल्यावर हिराबाईने राब पेटवला. धूर पांढरा निघाला. दोन गोण्या तिने माझ्यापुढे ठेवल्या.

"या तू ने. तुज्याच हायत."

परतीच्या जीपवाल्याने विचारलं, "काय गं, वाडीतनं आंबे आनलेस का?"

"कचरा."

"तिकडनं इकडं? उलटंच चाललंय तुझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्जतला, भिसेगावात घंटागाडी आमच्या दारात आली आणि गोण्या घेऊन गेली. मला चार पावलंही चालावं लागलं नाही. दुपारी कशेळ्याच्या ग्रामपंचायतीत अर्ज दिला: आठवड्यातून एकदा तरी गाडी डांबराच्या टोकापर्यंत यावी, आणि तिथून वर कोण जाणार तेही ठरावं. ते होईपर्यंत वाडीला शहाणपण सांगायला मी जाणार नाही.

हिराबाई तो काळा कोपरा सोडून बाकी राबात पेरणार आहे. तेवढी रोपं यंदा तिला कमी पडतील, आणि ती माझ्यामुळे.