एका मिडफिल्डरचं सर्व्हिस बुक

मागच्या रविवारी दुपारी आमच्या घरी, वाशीमला, इंग्लंडच्या एका फुटबॉलपटूचं सर्व्हिस बुक तपासलं गेलं. तपासणारे माझे बाबा... जिल्हा परिषदेचे रिटायर्ड मास्तर, वय पंच्याहत्तर.

झालं असं की बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि आठ दिवस पेपर, टीव्ही, मोबाइल सगळं बंद. ज्या माणसाला पेपरातल्या निविदासुद्धा वाचल्याशिवाय चहा गोड लागत नाही, त्याची ही अवस्था. मग घरात जो तावडीत सापडेल त्याला "वाच काहीतरी" सुरू.

रविवारी मी सापडलो. मी तसाही मोबाइलमध्ये तोंड खुपसूनच बसलो होतो, कारण बॅगेत एक पत्र होतं आणि त्याचा विचार करायचा नव्हता. मी सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. प्रमोशन आलं होतं, पण पोस्टिंग पार बुलडाण्याच्या त्या टोकाला. सोमवारी हो की नाही ते लेखी द्यायचं होतं. बायको म्हणाली, तुम्ही ठरवा. आठवीतल्या लेकीला, सईला, आणि बाबांना मी काही सांगितलंच नव्हतं.

तर वाचत होतो माझ्या आवडत्या खेळाडूबद्दल. नुकताच रिटायर झाला. नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. मिडफिल्डर... म्हणजे मैदानाच्या मधोमध राबणारा. मागच्यांकडून बॉल घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा, आणि गोल झाला की टाळ्या दुसऱ्याला. कॉलेजात होस्टेलच्या टीव्हीवर त्याला पाहिलं आणि का कोण जाणे, तोच आवडला.

बावीस वर्षं खेळला, नऊ क्लब. मी मराठीत सांगत सांगत वाचत होतो. तिसऱ्याच वर्षी त्याची ट्रान्सफर झाली, म्हटल्यावर बाबा ताठ बसले.

"काहून? काही तक्रार होती का त्याची?"

पुढे क्लबने त्याला लोनवर पाठवलं. म्हणजे खेळाडू याच क्लबचा, पण एक सीझन दुसऱ्याकडून खेळणार, असं मी समजावू लागलो तर बाबांनी हातानेच थांबवलं. "प्रतिनियुक्ती म्हन ना. नाव इथं, काम तिथं."

आणि फ्री ट्रान्सफर, म्हणजे करार संपल्यावर पैशांच्या देवघेवीशिवाय क्लब बदलणं? "विनंती बदली. भत्ता भेटत नाई."

मला हसू आवरेना. इतकं चपखल भाषांतर कुठल्या क्रीडा पानावर वाचलं नव्हतं. पण तेहतिसाव्या वर्षी क्लबने त्याला रिलीज केलं, असं वाचलं आणि इथे मात्र घोळ झाला. बाबा एकदम खूश.

"कार्यमुक्त केलं! बरं झालं बिचाऱ्याचं. मले तं मानोऱ्याहून सुटाले तीन महिने लागले होते. हेडमास्तर सोडेच ना."

त्यांना सांगावं लागलं की तिकडे रिलीज म्हणजे 'आता तू नको, जा'. पुढची ऑर्डर नाही, रुजू व्हायला जागा नाही. बाबांनी काळा चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाले, "लेकरंबाळं हायेत का त्याले?"

दोन मुली, मी म्हणालो.

"त्यायच्या शाळा किती झाल्या?"

मी पान वरखाली केलं. किती मॅच, किती गोल, किती पिवळी कार्डं, सगळं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन कोणत्या सीझनला झालं तेही होतं. शाळांचं काही नव्हतं.

"सर्व्हिस बुकात बी नसते," बाबा म्हणाले. "माह्या साऱ्या बदल्यायच्या नोंदी हायेत त्याच्यात. तुह्या शाळा नाई कुठी." आणि बोटांवर मोजायला लागले... कारंजा, शिरपूर, तांड्यावरची शाळा, मग मानोरा. चारही बरोबर, क्रमसुद्धा बरोबर.

"मानोऱ्याले तू महिनाभर कोनासंग बोल्ला नाई. डबा तसाच वापस आनत जाय. मले तुह्या मास्तरनं सांगतलं होतं."

मी सातवीत होतो तेव्हा. शाळेतून येताना तो डबा मी रस्त्यातल्या गाईला घालायचो, आणि रिकामा केल्याशिवाय घरी यायचो नाही असं मला पक्कं आठवतं. बहुतेक रोज जमत नसावं. बाबांना यातलं काही माहीत नाही, हे धरून मी तीस वर्षं त्यांच्यावर थोडासा रागावून होतो. आम्ही भांडलो कधीच नाही... फक्त कामापुरतं बोलायचो.

मग मी बॅगेतलं पत्र काढलं आणि तेही वाचून दाखवलं. त्यांनी पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही.

"पोट्टीले इचारलं का?"

"नाही."

"इचार. मी तुले इचारलं नव्हतं."

संध्याकाळी सईला विचारलं. तिने रडारड केली नाही. गच्चीवर जाऊन बसली, तासाभराने खाली आली आणि म्हणाली, दहावी होऊ द्या बाबा, मग कुठेही चला. सोमवारी मी नकार लिहून दिला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू... आमच्याकडे प्रमोशन काही रोज येत नाही. साहेब म्हणाले, विचार करा. म्हटलं, केला.

आता माझ्या सर्व्हिस बुकात 'पदोन्नती नाकारली' एवढी एक ओळ चढेल. कारणाला तिथे जागा नाही. मंगळवारी बाबांच्या डोळ्यांत थेंब घालताना त्यांना सांगितलं. वर बघतच ते म्हणाले, "बरं. ते फुटबॉलवाल्याचं अर्धं राह्यलं होतं, वाच."

मी खुर्ची जवळ ओढली आणि वाचायला लागलो.