टोपीमागची हनुवटी

मला झेंडूच्या हाराचा राग आहे. खऱ्याचा नाही, कॉम्प्युटरमधल्याचा. आमच्या भागात डिजिटल फोटो सुरू झाले तेव्हा बाजारात एक स्वस्तातलं सॉफ्टवेअर आलं होतं आणि त्याला जोडायला श्रद्धांजलीचं प्लगइन मिळायचं. माणसाचा फोटो उघडायचा, एक बटण दाबायचं. कपाळावर चंदनाचा टिळा, गळ्यात हार, खाली समई, मागे ढग, सगळं एका दमात हजर. पलीकडच्या गल्लीतल्या स्टुडिओने ते घेतलं आणि बघता बघता लालबागपासून नायगावपर्यंतचे सगळे मेलेले एकाच हारात दिसायला लागले. त्या हाराच्या डाव्या बाजूचं एक फूल जरा चेपलेलं होतं. कुणाच्या घरी भेटायला गेले की माझी नजर आधी त्या फुलावर जायची.

आमचा स्टुडिओ भोईवाड्यात. बाबा काम शिकले ठाकूरद्वारला, एका जुन्या फोटोग्राफरच्या हाताखाली, आणि गिरण्या जवळ म्हणून त्यांनी इकडे दुकान थाटलं. गिरण्यांच्या संपाआधी पगार झाला की कामगार नवा शर्ट घालून फोटो काढायला यायचे, गावी पाठवायला. संपाने ते गिऱ्हाईक नेलं ते नेलंच. उरले पासपोर्ट फोटो, लग्नं आणि मेलेले. चेहरे सुधारायला निगेटिव्हवर पेन्सिल चालवून चालवून बाबांचे डोळे गेले आणि दुकान माझ्याकडे आलं. बाबा मात्र रोज येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे आणि दिसत नसलं तरी माझ्या कामात खोट काढायचे.

फणसवाडीतल्या एका ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याने मला दोन सॉफ्टवेअर ट्रायलवर टाकून दिली होती. एक मोठं, सगळं हाताने करायला लावणारं. त्यात फोटोवर एकावर एक पारदर्शक थर ठेवून काम करता यायचं, पण आयतं काही मिळायचं नाही. दुसरं ते स्वस्तातलं, सोबत तीन प्लगइन: एक धूळ आणि ओरखडे काढणारं, एक चेहरा गुळगुळीत करणारं आणि तिसरं हारवालं. "दोन्ही घ्यायच्या भानगडीत पडू नका ताई," तो म्हणाला. "वापरून बघा, पुढच्या आठवड्यात येतो, एक सांगा." मी कितीही नाकं मुरडली तरी माझं मन दुसऱ्याकडेच झुकलं होतं. गिऱ्हाईक घाईत असतं आणि मीही काही कमी घाईत नव्हते.

तेवढ्यात एक मुलगा आला. आमच्या मागच्या चाळीतला, कुरिअरच्या ऑफिसात कामाला. त्याचं लग्न ठरल्याचं मला माहीत होतं, शूटिंगचं काम माझ्याकडेच होतं. त्याने पाकिटातून एक फोटो काढून काचेवर ठेवला. गिरणीच्या साच्याखात्यातला, म्हणजे मागांवरच्या कामगारांचा, ग्रुप फोटो. कुणीतरी निवृत्त होत होतं, मधल्या माणसाच्या हातात नारळ होता. मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर त्याने बोट ठेवलं.

"हे माझे वडील. मोठा करून पायजे. हार घालून."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या आईला मी रोज बघत होते. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात काळी पोत. तिचा नवरा संपाच्या दुसऱ्या वर्षी भिवंडीला मागावर काम बघतो म्हणून गेला आणि परत आला नाही. कुणी म्हणालं सुरतेला दिसला, कुणी म्हणालं पनवेलला. दर वेळी ती बाई पोराला कडेवर घेऊन जायची आणि तशीच परत यायची. तो वारला असं तिला कुणी सांगितलं नाही आणि तिने ते मानलंही नाही.

"आईला विचारलंस?" मी म्हटलं.

"तिला काय विचारायचं? सासरच्यांनी विचारलंय, पत्रिकेत वडलांच्या नावाआधी कैलासवासी लिहायचं की नाय, नक्की काय ते कळवा. मी काय कळवू?" त्याचा आवाज चढला. "शाळेत तेच, रेशनला तेच, आता लग्नात पण तेच. मला वाट बघायचा कंटाळा आलाय ताई. हार घाला आणि विषय संपवा. तयार झाला की मीच तिला दाखवीन."

मला त्याचा रागही आला आणि त्याची दयाही आली. बाप गेला तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता. ज्याचा चेहराच आठवत नाही त्याची वाट तरी किती बघायची?

फोटो स्कॅन करून मोठा केला तर नवीनच अडचण. पुढच्या रांगेतल्या माणसाच्या टोपीने बापाचा खालचा चेहरा झाकला होता. डोळे होते, नाक होतं, मिशी अर्धी होती, हनुवटी नव्हतीच. अशा वेळी आमच्या धंद्यात चेहऱ्याचा राहिलेला भाग रक्ताच्या नातेवाइकाकडून घेतात. भावाचा कान, चुलत्याचं कपाळ, असं करत माणूस पुरा करायचा. मी मुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि हनुवटी समोरच दिसली.

"तुझा एक फोटो काढते," मी म्हटलं.

"थांब," कोपऱ्यातून बाबा म्हणाले. "याचा बाप आहे की गेला?"

मुलगा काचेवरचा फोटो सरळ करायला लागला.

"तेवढं सांग, म्हणजे काम ठरेल," बाबा म्हणाले. "जिवंत माणसाचं काही मेलेल्याला लावत नाहीत. मेलेल्याला मेलेल्याचंच लावायचं. मी उभ्या जन्मात ते मोडलं नाही. बाप असेल तर पोराची हनुवटी खुशाल घे. नसेल तर हात लावू नकोस."

ठाकूरद्वारचा तो नियम मी लहानपणापासून ऐकला होता. त्यासाठी बाबांनी मेलेल्यांच्या निगेटिव्हांची वेगळी पेटी ठेवली होती. पण या बापाचं जवळचं कुणी त्या पेटीत नव्हतं.

"गेले," मुलगा शेवटी म्हणाला. "आणि माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाय. काढा माझा फोटो."

बाबांनी तोंड फिरवलं. मी फोटो काढला.

काम सोपं नव्हतं. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हनुवटीचा थर वेगळा ठेवला, मिशी पुरी केली, रंग जुळवला. मग वेळ वाचावा म्हणून चेहरा स्वस्तातल्या सॉफ्टवेअरमध्ये नेला आणि धुळीचं प्लगइन चालवलं. जुन्या कागदावरचे सगळे ठिपके एका झटक्यात नाहीसे झाले. मी खूश झाले. कॉम्प्युटरवाल्याला काय सांगायचं ते माझं ठरलंच होतं.

मुलगा बघायला आला तेव्हा स्क्रीनवर एक देखणा तरुण माणूस होता. तो बराच वेळ बघत राहिला. मी त्याला म्हटलं, "हार अजून घातलेला नाही. आईशी एकदा बोल."

"घाला," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. ते प्लगइन सगळं वरून खाली रंगवत यायचं, हळूहळू. आधी टिळा आला. मग ढग. मग खांद्यावरून झेंडू उतरायला लागले. नेमकी तेव्हाच दुकानाच्या पायरीवर त्याची आई उभी राहिली. कुणी सांगितलं कोण जाणे, पण चाळीत गोष्ट पोचायला वेळ लागत नाही. धावत आली होती, धाप लागली होती.

"पाया पडतंय तुझ्या, बाय," ती मला म्हणाली. "त्येंका हार घालू नको. ते आसत. खय तरी आसत."

"आई, तू घरी जा," मुलगा म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती काउंटरला वळसा घालून आत आली आणि स्क्रीनसमोर उभी राहिली. हार आता छातीपर्यंत आला होता. तिने वरचे डोळे बघितले. मग नजर खाली गेली, ओठांवर, हनुवटीवर, आणि तिथेच थांबली. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. ती हनुवटी तिनेच न्हाऊमाखू घालून वाढवली होती.

"ह्या माझ्या झिलाचा तोंड!" ती ओरडली. "माझ्या झिलाच्या गळ्यात हार घातलंस?"

आणि तिने स्क्रीनवर तळहात ठेवला. हाराच्या वर, हनुवटीच्या खाली, जणू तो हार तिथेच अडवायचा होता. जुन्या जाड काचेचा मॉनिटर, काचेवरची वीज चर्रकन वाजली, तरी तिने हात काढला नाही. तिच्या बोटांच्या फटींतून झेंडू उतरतच होते. मी मुलाकडे बघितलं. तो स्क्रीनकडे बघत होता, आईच्या हाताच्या वर दिसणाऱ्या स्वतःच्या तोंडाकडे. विश्वास नाही म्हणणारा पोरगा पांढराफटक पडला होता.

"काढा," तो म्हणाला. मग ओरडूनच, "काढा ना ताई!"

मी एक पाऊल मागे जाण्याचं बटण दाबलं. हार गेला, ढग गेले, टिळा गेला. आईने हात खाली घेतला आणि ती मटकन स्टुलावर बसली. मुलाने तिला पाणी दिलं. ती प्यायली, पण त्याच्याशी बोलली नाही.

थोड्या वेळाने ती पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागली. हार नसलेल्या त्या चेहऱ्याकडे तिने मान तिरकी करून बघितलं. "नाकार देवीचे वण होते त्येंच्या," ती हळूच म्हणाली. "ते खय गेले?"

मी मूळ स्कॅन उघडला. नाकाच्या शेंड्यावर बारीक खड्डे होते. धुळीच्या प्लगइनने ते धूळ समजून पुसले होते, आणि मी काय ते समजून खूश झाले होते देव जाणे. मी त्यांच्यासमोरच मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं पहिल्यापासून केलं. खरी धूळ एकेक ठिपका टिपून काढली. वण कुठला आणि धूळ कुठली ते आई बोटाने दाखवत होती. एका वणाशी मुलगा पुढे वाकला. "हा पण?" त्याने विचारलं. तिने होय म्हणून मान हलवली. हार निघाल्यानंतरचं ते त्यांचं पहिलं बोलणं.

"बाबा," मी कोपऱ्याकडे वळून विचारलं, "हनुवटी राहू दे ना?"

"हार नाही ना?"

"नाही."

"मग राहू दे," बाबा म्हणाले.

कॉम्प्युटरवाला आला तेव्हा मी त्याला मोठं ठेवायला सांगितलं आणि दुसरं तिन्ही प्लगइनसकट काढून न्यायला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, धंदा बुडेल." मी म्हटलं, बुडू दे.

पण मुलीकडच्यांना काय कळवायचं ते तसंच राहिलं होतं. मुलाने पत्रिकेत वडलांचं नाव नुसतंच छापलं, आधी काही नाही. त्यावरून मुलीकडे बरीच चर्चा झाल्याचं कानावर आलं. लग्न मोडतं की काय अशी भीती चाळीत सगळ्यांना होती. मुलीचे वडील लालबागचे, तेही गिरणीतलेच, पण तोंडाचे तिखट म्हणून प्रसिद्ध. लग्नाच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन हॉलच्या दारात उभी राहिले.

वऱ्हाड आलं. विधींना मुलाचे काका-काकू बसायचे होते. आई त्या फोटोची फ्रेम छातीशी धरून बाजूला उभी होती, कपाळावर तेच मोठं कुंकू. गुरुजी सवयीने ओरडले, "व्याहीभेट! मुलाचे वडील, पुढे या!"

काका पुढे होणार तेवढ्यात आईच पुढे गेली, फ्रेम तशीच छातीशी. समोरून मुलीचे वडील आले. व्याह्याला घालायचा म्हणून मोठा ताजा हार त्यांच्या हातात तयार होता. कुणीतरी मागून म्हणालं, "घाला, घाला." त्यांचे हात वर आले. फोटोला हार म्हणजे काय ते तिथल्या लहान मुलालाही कळत होतं. नवरामुलगा एक पाऊल पुढे सरकला आणि थांबला. माझा डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर.

मुलीच्या वडलांनी फोटो बघितला. मग नजर वर करून तिचं कुंकू बघितलं. वर आलेले हात त्यांनी खाली घेतले, हाराची नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"विहीणबाई, हा तुमच्याकडं ठेवा," ते म्हणाले. "व्याही आले की तुमच्या हातानं घाला."

त्या क्षणाचा फोटो माझ्याकडे नाही. बटण दाबायचं राहूनच गेलं. आईने कुणाकडून तरी प्लास्टिकची पिशवी मागून घेतली, हार तिच्यात ठेवला आणि जेवायला बसली तेव्हाही ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.