वलांडीवरच्या रिकाम्या ओळी

चिंचणीच्या जमनाबाईला रिकामी दोरी बघवत नाही. बोंबील वाळवायच्या वलांडीवर हातभर जागा मोकळी दिसली की ती कुणालाही सुनावणार, "काय गं, ऊन फुकट घालवता?" आणि बोलता बोलता दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकणार. नवरा वारल्यावर याच दोऱ्यांच्या जिवावर तिनं लेकीला शिकवलं. लेक हेमांगी चित्रकलेच्या कॉलेजात गेली आणि घरी पाहुण्यासारखी येऊ लागली. जमनाला एवढंच लागायचं, की तिकडच्या एकाही माणसाला पोरीनं आपली आई दाखवली नव्हती.

यंदा माघात हेमांगीनं चिंचणीच्या किनाऱ्यावरच आपलं काम मांडलं. बांबूंची उंच वलांडी आणि दोऱ्यांवर पत्र्याच्या शेकडो चकत्या. प्रत्येक चकती म्हणजे एक तारा. जितका तारा लांबचा, तितकी त्याची ओळ मागची आणि उजेड जुना.

"ह्याचा करायचा काय?" जमनानं विचारलं.

"बघायचं, आई."

कपाळावर हात मारून घ्यावा असं उत्तर! जमना आपल्या टोपलीकडे वळली.

हेमांगी काम बघायला येणाऱ्या तिकडच्या पाहुण्यांना आणायला बोईसर स्टेशनावर गेली. इकडे जमनाला दिसलं, शेवटच्या चार ओळी रिकाम्याच. पोरीच्या चकत्या संपल्या वाटतं, आता चारचौघांत हिची शोभा होणार! सकाळचे ताजे बोंबील टोपलीत होतेच. पाहुणे यायच्या आत ओळी भरल्या, आणि जमना घाम पुसत समाधानानं बसली.

गाडीतून उतरताच दोघातिघांनी नाकाला रुमाल लावले. हेमांगी पांढरीफटक पडली.

"आई, त्या रिकाम्याच ठेवायच्या होत्या! ज्या ताऱ्यांचा उजेड अजून आपल्यापर्यंत पोचलाच नाही, त्यांची जागा होती ती."

जमना मदत करायला गेली आणि लेकीच्या अन्नात माती कालवून बसली. मान खाली घालून ती बोंबील उतरवायला उठली.

"या कोण? कामाला आहेत का?" एका पाहुण्यानं हेमांगीला विचारलं. "लगेच काढायला सांगा ना."

जमनानं पाठ फिरवली. लेकीनं 'हो' म्हटलं तरी चालेल, असं ती मनाशी म्हणत होती, आणि ते साफ खोटं होतं.

"माझी आई हाय," हेमांगी म्हणाली. मग जवळ येऊन तिनं जमनाच्या हातातली जोडी घेतली आणि परत दोरीवर टाकली.

"नको काढू. ओले हायेत अजून."