राखणीचं कुत्रं आणि सकाळचा तांब्या

सकाळी उठल्यावर मी ह्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देते आणि ते पिईपर्यंत तिथून हलत नाही. ह्यांचा कंठ वर गेला, खाली आला, पाणी आत उतरलं, की मग माझा दिवस सुरू. चूल, गोठा, झाडलोट. आधी नाही. बघणाऱ्याला वाटेल, बाई लई पतिव्रता हाय. तसं काही नाही. पंचवीस वर्षांत मी ह्यांना तांब्या हातात कधी दिला नव्हता, घ्या आपल्या हातानं, असं मीच म्हणायचे.

हे सगळं आमच्या काळ्या कुत्र्यापासून सुरू झालं. त्या वर्षी ग्रामपंचायतीनं भोंगा फिरवला: ज्याच्या घरी कुत्रं आहे त्यानं त्याला पिसाळण्याची लस टोचून घ्यायची, गळ्यात पट्टा घालायचा. सक्ती आहे. लस नसलेलं कुत्रं कुणाला चावलं तर जबाबदारी ज्याचं कुत्रं त्याची. मग ग्रामसेवक दारोदार विचारत फिरले. आमच्या वस्तीवर आले तेव्हा काळं ह्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपलं होतं.

"हे कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"कुणाचंच न्हाई, साहेब. राखणीला ऱ्हातं हितं."

तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही ह्यांच्या. आणि एकटे हेच कशाला, साऱ्या गावानं हेच सांगितलं. दर उंबऱ्यापाशी कुत्रं, दर कुत्र्याला त्या घरची भाकरी, आणि विचारायला गेलं तर गावात एकाचंही कुत्रं नाही. आमच्याकडं रीतच तशी. गाय आपली, म्हैस आपली, शेळी आपली. कुत्रं मात्र आपलं आपण येतं आणि राहतं, त्याला कुणी आपलं म्हणत नाही.

ग्रामसेवक गेल्यावर मी ह्यांना धरलं. "कावून खोटं बोललात? फुकट टोचणार हायेत म्हणं."

"सुई टोचलेलं कुत्रं जड पडतं. रातचं भुंकत न्हाई. सोयाबीन काढून पडलंय रानात, डुकरं कोण हाणणार, तू?"

"हाणते की. तुमच्यापरीस मी बरी भुंकते."

हे हसले. विषय तिथंच संपला. सुई टोचलेलं कुत्रं राखण सोडतं, हे आमच्या सगळ्या वस्त्यांवरचं पक्कं मत होतं. शाळेपाशी लस टोचायला माणसं आली त्या दिवशी काळं रानात, सोयाबीनच्या ढिगापाशी बसून होतं.

दिवाळीनंतर काळं बिघडलं. खाईना, एका जागी बसेना, उगीच दगड चावायचं. एका दुपारी ते गोठ्यात शिरलं, म्हशीच्या नाकाडाला चावलं आणि घाटनांदूरच्या रस्त्यानं जे निघून गेलं ते परत आलं नाही. आम्ही म्हशीच्या जखमेत तेल-तिखट भरलं. जखम भरून आली. दूध चालू होतं, म्हैस खात होती, आम्ही विसरलो.

कापसाची दुसरी वेचणी चालू होती तेव्हा म्हशीनं वैरण सोडली. तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. हंबरायची तर आवाज फाटका, घोगरा. हे म्हणाले, "घशात कायतरी अडकलंय हिच्या." ह्यांचा तो मानाचा विषय. मागं एका बैलाच्या नरड्यातून ह्यांनी आंब्याची कोय ओढून काढली होती. तेव्हापासून पार लांबच्या गावांकडनंसुद्धा ह्यांना बोलावणं यायचं. हात लांब, बोटं बारीक. पण तेव्हा त्या बोटांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते, ताजे, लाल. ह्यांनी बाही वर केली, म्हशीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि आत फिरवून फिरवून बघितलं.

"काईच लागंना," म्हणाले. उपरण्याला हात पुसला.

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. गोठ्याच्या तोंडाशीच थांबले. म्हशीला हात लावला नाही.

"हिला कुत्रं चावलं होतं का?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मीच म्हणाले, चावलं होतं.

"कुणाचं कुत्रं?"

हे खाली बघत होते. "आमचंच," म्हणाले. इतक्या वर्षांत काळ्याला पहिल्यांदा कुणी आपलं म्हटलं, तेही ते मेल्यावर. मेलंच असणार कुठंतरी.

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न, तोंडात हात कुणी घातला. ह्यांनी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा. डॉक्टरांनी ते ओरखडे लांबूनच बघितले आणि म्हणाले, आत्ता साबणानं धुवा, वाहत्या पाण्याखाली, भरपूर वेळ, आणि आत्ताच्या आत्ता अंबाजोगाई गाठा. डॉक्टर परत जायच्या आधीच म्हैस मेली. तिला खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं, पण ते मी बघितलं नाही. आम्ही जीपमध्ये होतो.

दवाखान्यात ह्यांच्या दंडात सुई दिली, आणि ओरखड्यांच्या कडेकडेनं, बोटांतसुद्धा दिल्या. बोटांत सुई म्हणजे काय असतं ते ह्यांच्या मानेच्या शिरा सांगत होत्या. सगळं झाल्यावर एकच विचारलं, "मी वाचंन का, साहेब?"

"वेळेत आलात. सगळ्या सुया घ्या, एकही चुकवू नका. काही होणार नाही."

सगळ्या घेतल्या. दर खेपेला मी सोबत गेले. शेवटची झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता निर्धास्त राहा. हे राहिले. मी नाही राहू शकले, कारण तोवर शेजारची म्हातारी येऊन गेली होती.

"पानी पितोय न्हवं गं? पिसाळी उठली की मानूस पान्याला भेतंय. आन् ती कवाबी उठती. वर्सानंबी."

मेलीला कुणी विचारलं होतं?

लोक मला म्हणतात, तू लई धीराची. धीर कसला डोंबलाचा. मला रडू आलं नाही, कारण मला काही वाटतच नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं अंगभर झालं होतं. स्वयंपाक करायचे, कापूस वेचायचे, लग्नाकार्यात हसायचे. आणि रोज सकाळी तांब्या. ह्यांना कळलं होतं. तांब्या घ्यायचे, माझ्यासमोर प्यायचे आणि रिकामा परत द्यायचे.

पुढच्या खेपेला लस आली तेव्हा शाळेच्या मैदानावर रांग लागली. साऱ्या कुत्र्यांना घरं फुटली होती. आमच्या दारी कुत्रं नव्हतं, तरी हे दिवसभर तिथं उभे, दुसऱ्यांच्या कुत्र्यांचे दोर धरून. एकजण जरा कुरकुरला, कुत्रं सुस्त होईल म्हणून, तर हे म्हणाले, "टोचून घे बे गपगुमान." एवढंच.

मग ज्येष्ठ आला. एका सकाळी मी नेहमीसारखा तांब्या पुढं केला. ह्यांनी हातानं तो बाजूला सारला.

"नको."

मी ओरडले नाही. तांब्या खाली ठेवला आणि उंबऱ्यावर बसले. एवढंच मनात आलं, की झालं आता.

"अगं, एकादशी हाय," हे म्हणाले. "निर्जळी. गडाला निघालो न्हाई का मी?"

ते खरंच होतं. वडलांच्या वेळेपासून ह्यांची ती एकादशी चुकलेली नाही. थेंब घेत नाहीत, दर्शनाला नारायणगडाला जातात. खांद्यावर धुतलेलं उपरणंसुद्धा होतं. मला सगळं ऐकू आलं, सगळं समजलं, मी मानही हलवली. पण डोळे काही ह्यांच्या गळ्यावरून निघेनात.

हे दोन पावलं माझ्याकडं आले. मग वाकले, तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या सगळा प्यायले. घोट घोट करत, मला दिसेल असे. सदऱ्यावर पाणी सांडलं.

"बघितलंस?"

"व्हय."

तेव्हा मला रडू आलं. इतक्या महिन्यांचं एकदम. ह्यांनी उपरणं खुंटीला अडकवलं आणि माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसले.

"आन् गड?" मी विचारलं.

"पुढल्या वर्सी जाईन," म्हणाले. "च्या टाक."