साडूंच्या कोंबड्यांची साखर

जुन्नर-आंबेगावात कोंबडीच्या रक्तातल्या साखरेवर आमच्या पिंपळवंडीच्या साडूंइतकं बोलणारा माणूस दुसरा नसेल, आणि ते ऐकून ऐकून माझ्याइतका दमलेलाही. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी-इंजेक्शनं करणारे ड्रेसर होते, निवृत्त झाले आणि घरामागे दहा-बारा कोंबड्या पाळून थेट संशोधक झाले. मंचरहून हायवेच्या गर्दीत पिचत मी पोहोचावं, तर चहाच्या आधी माझ्या हातात कोंबडी. तिच्या पंखाखालच्या शिरेतून थेंब काढायचा आणि स्वतःच्या साखरेच्या मशीनवर तपासायचा. तेवढा वेळ घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. "कोंबडी दचकली की साखर चढती तिची, पावणं!" हे ते इतक्या जोरात सांगत की आधी मीच दचके. एकदा एका कोंबडीला सुजेवरचं स्टेरॉईड दिलं होतं, तिचा आकडा वाढला. तो का वाढला हे समजावताना माझं ताट निवून गेलं. मी आपला मान हलवत राहिलो.

साडूंना स्वतःलाही मधुमेह. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं, तर यांनी पहिला डोस कोंबडीला टोचला. कोंबडीच्या अंगात मुळातच माणसाच्या दुप्पट साखर असते आणि इन्सुलिनला ती फारशी दाद देत नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं. तरी ती निवांत दाणे टिपतेय हे पाहून म्हणाले, "बघा, काय झालं का तिला? औषधातच दम नाय. आमी न्हाई घेत." दोन-तीनदा मी वाद घातला, मग कंटाळून सोडून दिला. ते मला अजून खुपतं.

पुढे पायाला जखम झाली, चिघळली आणि अंगठा काढावा लागला. ड्रेसिंगसाठी ते मंचरला आमच्याकडेच राहिले. पहिल्या सकाळी मी इन्सुलिन भरलं. साडूंनी शर्ट वर केला, डोळे गच्च मिटले आणि माझा दंड घट्ट धरला. जन्मभर जनावरांना सुया टोचलेला हा माणूस!

"पावणं, औषधाला उगंच नावं ठेवली राव. सुईचं लई भ्या वाटतं मला. या वयात सांगायचं कुणाला?"

मला त्यांचा रागही आला आणि रडूही. मी सुई टोचली, काढली आणि "झालं," म्हणालो. त्यांनी एक डोळा उघडला.

"झालं? एवढंच व्हतं?"

मी त्यांच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बघितलं.