वडाभाताचा एकच टेक

"ताई, तीन नंबरच्या पत्रावळीवरचा वडा गेला," मेघना वही छातीशी धरून म्हणाली.

"गेला म्हणजे?"

"खाल्ला. आणि पाच नंबरवर एक होता, तिथे आता तीन आहेत."

दुपारचे दोन वाजले होते. नागपुरात बेसामधल्या एका बंगल्याच्या अंगणात पंगत बसली होती, दोन कॅमेरे लावलेले होते, आणि दिग्दर्शक म्हणून सकाळपासून माझा एकच शॉट ओके झाला होता.

वाचकांना सांगायला हवं, मालिकेतलं जेवण एकदाच होत नाही. आधी सगळी पंगत दिसेल असा मोठा शॉट घेतात, त्याला मास्टर म्हणतात. मग तोच प्रसंग पुन्हा, सुनेच्या चेहऱ्यावर. मग पुन्हा, सासूच्या हातावर. तुम्हाला घरी ते सलग दिसतं. त्यामुळे प्रत्येक वेळी भात तेवढाच आणि वडा तिथेच असावा लागतो. याला कंटिन्युइटी म्हणतात. मेघना माझ्याकडे ती बारा वर्षं सांभाळते आहे. नायिकेची टिकली केसभर सरकली तरी तिला कळतं. त्या दिवशी मात्र तिने हात टेकले होते.

सीन मोठा होता. न विचारता लग्न करून घरात आलेल्या सुनेशी सासू महिनाभर बोललेली नाही. आज पंगतीत ती पहिल्यांदाच तिला स्वतःच्या हाताने वाढते. संवाद एकही नाही. प्रेक्षक महिनाभर याचीच वाट बघत होते.

आणि आमची बँक रिकामी होती. बँक म्हणजे तयार भागांचा साठा. सुनेचं काम करणारी ऋतुजा चार दिवस तापाने पडली आणि साठा संपला. आजचा सीन उद्या रात्री आठला दिसणार होता. सकाळीच चॅनेलच्या शेखरचा फोन आला. शेखर आमचा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, म्हणजे चॅनेलच्या वतीने आमच्यावर लक्ष ठेवणारा माणूस.

"अंधार पडायच्या आत सीन एडिटला हवा. आज चुकलात, तर सोमवारपासून शूटिंग मुंबईत. सेट तयार आहे. मी नाही, वरचे म्हणतायत."

मी मुंबईत एकोणीस वर्षं प्लायवूडच्या भिंतींत विदर्भातली घरं उभी केली. नागपूरचं ऊन म्हणून लाइटवर पिवळा कागद लावला. ही मालिका नागपुरातच करीन, असं भांडून मी घरी परत आले होते. माझे लाइटवाले जवळच्या कामठीचे, मेकअपवाली इथल्याच सदरची. आज चुकलं, तर हे सगळं माझ्या हातून जाणार होतं.

घोळ माझाच होता. पंगतीला जमलेली माणसं, म्हणजे आमच्या भाषेत क्राउड, नेहमी एजन्सीकडून येतात. ते लोक आधी जेवून येतात आणि कॅमेऱ्यासमोर निमूट घास फिरवत बसतात. पण मला खऱ्या पंगतीत खऱ्या बायका हव्या होत्या. मी कॉलनीतल्या कुसुमकाकूंना गाठलं. काकू निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बारा जणी घेऊन आल्या. नुसत्या आल्या नाहीत, वडाभात स्वतः रांधून आणला, कारण केटररचे वडे त्यांना पसंत नव्हते.

मी त्यांना समजावलं होतं, "काकू, जेवायचं नाही. जेवल्यासारखं करायचं."

"म्हणजे वाढलेल्या पानाकडे पाहत बसायचं? काहून?"

मास्टर झाला. दुसऱ्या शॉटआधी सेटवरची पडेल ती कामं करणाऱ्या आमच्या स्पॉटदादांनी पत्रावळी सारख्या करायला घेतल्या. एकीच्या पानावरचा वडा उचलला आणि दुसरीच्या पानावर ठेवला. पंगतीत बसलेल्या सगळ्याच जणींनी हात मागे घेतले.

"अगा, उष्टं आहे ना ते!" काकू म्हणाल्या.

सगळ्या पत्रावळी बदलल्या. मग बारा जणींतल्या ज्या वाढायला उभ्या होत्या, त्यांची सवय आड आली. रिकामं पान त्यांना बघवेना. मी "ॲक्शन" म्हणायच्या आत कोणीतरी कोणाला वडा वाढून जायचं, आणि पानावर आलेला वडा टाकायचा कसा म्हणून जिला वाढला ती तो खायची. मेघनाची वही खाडाखोडीने भरली.

त्यात सासूचं काम करणाऱ्या सुलभाताई. मुंबईच्या, मुरलेल्या अभिनेत्री. त्यांनी डाव भरून भात घातला, सुनेकडे एक जड कटाक्ष टाकला आणि पुढे सरकल्या. मला शॉट बरा वाटला. काकूंना राहवलं नाही.

"बाई, रागावू नका. पण तुम्ही वाढून नाही राहिल्या. तुम्ही टाकून राहिल्या."

सुलभाताईंना असं बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. त्या काकूंकडे बघत राहिल्या आणि मग मोठ्याने हसल्या.

"दाखवा मग मला."

काकू पदर खोचून उठल्या. आधी भात. मग त्यावर वडा, तो हातानेच कुस्करायचा. मध्ये जरासा खड्डा. त्यात फोडणीचं गरम तेल. "अन् मंग लगेच पळायचं नाही. तिचा पहिला घास पाहायचा. तो पाहिल्याशिवाय वाढलं असं म्हणतच नाही."

मी मॉनिटरमागे बसून हे ऐकत होते आणि माझी मलाच लाज वाटली. इथल्याच महाल भागातल्या गल्लीत मी लहानपणी पंगतीत मीठ वाढलंय. भातावर तेल पडताना येणारा तो चुर्र आवाज मला अजून आठवतो. आणि मीच या बायकांना सांगत होते, जेवू नका!

"मेघना, वडे किती उरलेत?"

"एका पंगतीपुरते. ऊनही तासभरच आहे."

"मग एकच टेक. सगळ्यांनी जेवायचं. खरंच जेवायचं."

"आणि कंटिन्युइटी?"

"एकच शॉट असेल तर ती कोणाशी जुळवणार आहेस?"

एक कॅमेरा सुलभाताईंच्या मागे दिला, दुसरा ऋतुजासमोर. बायकांना म्हटलं, "काकू, आता आम्ही नाहीच असं समजा. पोटभर जेवा." त्यांना हे एका झटक्यात कळलं.

ॲक्शन.

सुलभाताई आल्या. वाकल्या. भात वाढला, वडा कुस्करला. ऋतुजा मान खाली घालून बसलेली. सुलभाताईंनी मध्ये खड्डाही केला. आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीने त्या सरळ झाल्या आणि पुढे निघाल्या. तेल विसरल्या. संपलं, असंच मला वाटलं.

समोरच्या ओळीतून काकूंचा खणखणीत आवाज आला, "तेल राहिलं ना वं! सुनेले कोरडा भात खाऊ घालून राहिली का?"

साउंडवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "कट" माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

सुलभाताई जागीच थांबल्या. दोन क्षण पाठ कॅमेऱ्याकडे. मग वळल्या, वाढणारीच्या हातातून तेलाचं भांडं घेतलं आणि परत आल्या. तेल घातलं. चुर्र झालं. आणि त्या तिथेच, सुनेच्या पानासमोर उकिडव्या बसल्या, पहिला घास बघायला.

ऋतुजाने घास घेतला. तिचे डोळे भरून आले. निम्मं श्रेय मिरचीचं असेल, ती पुण्याची आहे. सुलभाताईंनी आणखी एक वडा उचलला. ऋतुजाने पानावर हात आडवा धरला. सुलभाताईंनी तो हात हळूच बाजूला केला आणि वडा ठेवलाच. यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. अख्खी पंगत हसली, ऋतुजा हसली, आणि सासू महिनाभराने पहिल्यांदा हसली.

मी रडत होते, सांगायला लाज कसली. मेघनाने वही मिटून ठेवली होती.

"झालं का वं?" काकूंनी विचारलं. "मंग मठ्ठा आण ना."

तेव्हा कुठे मी कट म्हणाले.

फुटेज वेळेत गेलं. तासाभराने शेखरचा फोन.

"ती तेलवाली बाई स्क्रिप्टमध्ये नव्हती."

"नव्हती."

"पुढच्या आठवड्यातही ठेवा. वरचेच म्हणतायत."

"आणि सोमवार? मुंबई?"

"तिथे आणायची कुठून ती बाई? राहा तिकडेच."

मी अंगणात जाऊन ओरडून सांगितलं. कामठीच्या लाइटवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. मी कुसुमकाकूंना मिठी मारली आणि रोल देऊ केला. त्यांनी चष्मा पुसत विचार केला.

"मंगळवारी नाही जमणार. आमचं भजन राहते. बाकीचं पाहू."

आता त्या आठवड्यातून दोनदा येतात, मंगळवार सोडून. मी मात्र एक धडा घेतला. कोणी किती वाजता यायचं, हे रोज ज्या कागदावर छापतो त्याला कॉलशीट म्हणतात. पंगतीचा सीन असला की सगळीकडे त्यावर लिहितात, "क्राउडने जेवून यावे." आमच्या कॉलशीटवर असतं, "क्राउडने उपाशी यावे."